धुतलेला पाय

सत्तरच्या दशकात मी सांगलीला हळदीच्या पेठेत एका अडत दुकानात कामाला होतो. माल उतरला की पोत्यातून दोन-चार हळकुंडं उचलायची, मोडायची आणि आतला रंग बघून प्रत सांगायची, हे माझं काम. बाहेरच्या रंगावर जायचं नाही, हे पहिल्याच आठवड्यात शिकवलेलं. वरून रंग देता येतो. मोडल्यावर दिसतो तो खरा. संध्याकाळी दुकानामागच्या नळावर आम्ही हात धुवायचो. हळदीला साबण लागला की ती लाल होते. कुंकू कालवल्यासारखा फेस यायचा, मोरीतून लाल ओघळ वाहायचे आणि मग हात हळूहळू स्वच्छ व्हायचे. नवा हमाल पहिल्या दिवशी हमखास दचकायचा, हात कुठं कापला म्हणून. आम्ही हसायचो.

एवढं सगळं मला माहीत होतं, हे आधी सांगून ठेवतो.

मोठ्या दुष्काळानंतर दोन पावसाळे होऊन गेले होते. बायको दुसऱ्या बाळंतपणासाठी माहेरी गेली होती. तिचं माहेर साताऱ्याजवळ, हमरस्त्यापासून थोडं आत. थोरला मुलगाही तिथंच झाला होता, गावच्या सुइणीच्या हातून, आणि काही अडलं नव्हतं. तोही दोन-तीन दिवसांनी जरा पिवळट दिसला होता. सासूबाईंनी त्याला सकाळच्या कोवळ्या उन्हात मांडीवर धरलं आणि आठवडाभरात तो चांगला गुलाबी झाला. पुष्कळ मुलांना असं होतं आणि आपोआप जातं, हे त्या वेळी आम्हाला कळलं होतं. ते खरंही आहे. पण अर्धं कळलेलं माणसाला किती निर्धास्त करतं, ते मला नंतर कळलं.

या खेपेला मी बायकोबरोबर हळद पाठवली होती. दुकानात आलेल्या मालातून एकेक हळकुंड मोडून, केशरी गाभ्याची तेवढीच बाजूला काढून, घरी दळून घेतलेली. बाळ-बाळंतिणीच्या अंगाला लावायला. आपण काहीतरी मोलाचं पाठवतोय असं मला वाटलं होतं.

मुलगी झाल्याचा निरोप आला आणि पाचवीच्या पूजेला मी दुपारच्या एसटीनं पोहोचलो. घर माणसांनी भरलेलं. पाटा-वरवंटा धुऊन ठेवलेला, चुलीवर पुरण शिजत होतं. सासूबाईंनी दारातच पायांवर पाणी घातलं.

“लय गुणाचं लेकरू हाय बघा जावईबापू,” त्या म्हणाल्या. “रडत न्हाई का कुरकुरत न्हाई. निजलं की निजलं. थोरल्यानं किती पिडलं व्हतं मला!”

“बाबासारखी हाय,” आतून एक म्हातारी ओरडली. “दोघं बी तोंड उघडत न्हाईत!”

बायका हसल्या. मीही हसलो.

बाळंतिणीची खोली मागच्या अंगाला होती. वारा लागू नये म्हणून खिडकीला पोतं ठोकलेलं, आणि काही वर्षांमागच्या भूकंपात भिंतीला गेलेल्या तड्यात चिंध्या कोंबलेल्या. कोपऱ्यात शेगडी, तिच्यावर ओव्याची धुरी. दारातून मला बायकोचा चेहरासुद्धा नीट दिसेना. तिच्या कुशीत बाळाचं एवढंसं तोंड, हळद-तेलानं माखलेलं. रोज आंघोळ डाळीच्या पिठानं, नवजात बाळाला साबण लावायचा नाही, आणि आंघोळ झाली की पुन्हा हळद.

“रंग बघा कसा चढलाय,” सासूबाई म्हणाल्या. “तुमच्या सांगलीच्या हळदीची करामत. सोन्याची बाव्हली झालीय.”

मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, छाती फुगली.

दिवस कलताना बायकोला न्हाणीत शेकायला बसवलं. बाकीच्या बायका पुरण वाटण्यात गुंतलेल्या. सासूबाईंनी बाळ माझ्या मांडीवर ठेवलं आणि म्हणाल्या, “जरा धरा. काय करत न्हाई ती.” मी परसदारी जोत्यावर बसलो. थोड्या वेळानं पोरीनं दुपटं भिजवलं. पाय बरबटला. धुवायच्या दगडावर मेहुण्याची साबणाची वडी होती. मेहुणा फौजेत, सुट्टीवर आलेला. वडी तिकडच्या कँटीनची. मी लोट्यातलं कोमट पाणी घेतलं, हाताला साबण लावला आणि तिचा डावा पाय धुतला.

फेस लाल झाला. नळावर रोज व्हायचा तसाच. मी पाणी ओतलं, पुन्हा साबण लावला. आता फेस गुलाबी. तिसऱ्यांदा पांढरा. म्हणजे हळद संपली.

पाय पिवळाच होता.

मी तो उजेडात धरला. सूर्य उसाच्या शेंड्यांवर टेकला होता, पण उजेड पुरेसा होता. अंगठ्यानं मी नडगीवर दाबलं. दाबलं तिथलं रक्त बाजूला सरलं आणि खाली स्वच्छ पिवळा ठसा उमटला. तळव्यावर दाबलं. तिथंही तोच. हळकुंड मोडल्यावर दिसतो तसा आतला रंग. तिचे डोळे मिटलेले होते. मी हळूच एक पापणी वर केली. पांढऱ्याच्या जागी लिंबाच्या सालीचा रंग. डोळ्यात काही कुणी हळद घालत नाही. पापणी वर केली तरी ती जागी झाली नाही.

मला तेव्हाच कळलं. कावीळ किती वाईट, तिनं पुढं काय होतं, हे कळलं नाही. पण हा थोरल्याचा पिवळटपणा नव्हे, एवढं नक्की कळलं.

आणि मी बोललो नाही.

का नाही, याची उत्तरं मी इतकी वर्षं गोळा करत आलोय. जावयानं बाळंतिणीच्या खोलीतल्या कामात तोंड घालायचं नसतं. घरात पूजा होती, गावातल्या बायका जमल्या होत्या, आणि आपल्या एका शब्दानं सासूबाईंच्या हातावर, त्यांच्या करण्यावर बोट ठेवल्यासारखं झालं असतं. हळद मीच पाठवलेली. थोरल्याचं आपोआप गेलं, हिचंही जाईल. यातलं प्रत्येक उत्तर खरं आहे आणि एकही पुरत नाही. साताऱ्याला जाणारी संध्याकाळची एसटी निघून गेली होती, असंही मी एकदा स्वतःला सांगून पाहिलं. ती गेली नव्हती. मी पाय पुसत होतो तेव्हाच तिचा हॉर्न फाट्यावर वाजला. मी तो ऐकला.

मी तिला दुपट्यात गुंडाळली आणि सासूबाई आल्यावर त्यांच्या हातात दिली.

“काय वो, गप गप?” त्यांनी विचारलं.

“दमलोय. एसटीनं हाडं खिळखिळी केली.”

पूजा झाली. जेवायला बसण्याआधी मी खोलीच्या दारात गेलो. बायको हलक्या आवाजात म्हणाली, “आवं, पीत न्हाई वो ही. तोंडात धरती आन् तशीच निजती. आई म्हनती, गुणाची हाय. मला काय बरं वाटंना.”

तिनं माझ्याकडं बघितलं. तेव्हा मला वाटलं की ती फक्त बघतेय.

“सकाळी बघू,” मी म्हणालो.

त्या रात्रीबद्दल मी काही लिहीत नाही. मी झोपलो नाही, याचा पोरीला काही उपयोग नव्हता.

सकाळी खोलीतून बारीक, टोकदार आवाज आला. मांजराच्या पिलाचा असतो तसा. बायको बाहेर आली, बाळ हातावर. पोरीची मान मागं वळली होती आणि पाठ धनुष्यासारखी ताणली होती. आता मी पुढं झालो. सगळ्यांसमोर तिला अंगणात नेलं, पापणी उघडून दाखवली आणि म्हणालो, “ही हळद नाही. ही कावीळ आहे. दवाखान्यात न्यायला पाहिजे, आत्ता.”

जणू मला ते आत्ताच दिसलं होतं.

शेजारच्या म्हातारीनं कपाळावर हात मारला. “पल्याडच्या वाडीला माळ देत्यात काविळीची. गळ्यात घातली की उतरती.”

“मावशे,” मेहुणा बूट चढवत म्हणाला, “माळ घालायला गळा ऱ्हायला पायजे.”

सासूबाई उंबऱ्यात बसल्या. “बारावं झाल्याबगार बाळंतिनीनं उंबरा वलांडायचा न्हाई रं. लेकराला काय झालं म्हंजी?”

“आई, हिकडं उंबरा हाय आन् तिकडं पोरगी. कुठलं धरायचं, सांग लवकर.”

त्या उठल्या, लेकीच्या कानाला फडकं घट्ट बांधलं, पायात स्वतःचे जोडे घातले आणि सगळ्यांच्या आधी त्याच उंबरा ओलांडून वाटेला लागल्या. त्या सकाळी त्यांनी जे केलं ते करायला मला अख्खी रात्र पुरली नव्हती.

साताऱ्यात मुलांच्या डॉक्टरांचा दवाखाना नुकताच उघडत होता. डॉक्टरांनी बाळाला खिडकीत नेलं. अंगठ्यानं नाक दाबलं, छाती दाबली, पोट दाबलं.

“कावीळ वरून खाली उतरते,” ते म्हणाले. “आधी तोंड, मग छाती, मग पोट, शेवटी पाय. नुसतं तोंड पिवळं असेल तर बहुधा घाबरण्यासारखं नसतं. तळव्यापर्यंत आली म्हणजे फार झाली. पण तुम्ही हिला रंगवून आणलंय, मला दिसणार काय?” मग त्यांनी डावा पाय हातात घेतला. “हा पाय धुतलेला दिसतो. बरं केलंत.” त्यांनी तळवा दाबला आणि त्यांचा चेहरा बदलला.

मी जमिनीकडं बघितलं. बायको माझ्या शेजारी उभी होती. तिच्याकडं बघायचं धाडस झालं नाही.

“पिवळी कधीपासून आहे?” डॉक्टरांनी विचारलं. “हे फार महत्त्वाचं आहे. पहिल्या दिवसापासून, की दोन-तीन दिवसांनी?”

कुणालाच सांगता येईना. सासूबाई रडायला लागल्या. “जलमल्या दिवसापासनं हळदच लावतोय, डाक्टरसायब. पिवळीच व्हती.”

डॉक्टर त्यांच्यावर चिडले नाहीत. पेन खाली ठेवून म्हणाले, “पहिल्याच दिवशी पिवळं दिसलं असतं तर ती धोक्याची खूण. बाळ पीत नाही, सारखं झोपतं, ही दुसरी. रडत नाही म्हणून कौतुक करायचं नसतं, आजी. भुकेलं बाळ रडायलाच हवं. हिचं रक्त बदलावं लागेल असं मला वाटतं. माझ्याकडं ती सोय नाही. तुम्ही सांगलीला निघा, मी तिकडच्या डॉक्टरांना ट्रंक कॉल लावतो. वाटेत हिला निजू देऊ नका. तळव्याला टिचक्या मारा, चमच्यानं दूध पाजत राहा.”

टॅक्सी मिळाली नाही. सांगलीची एसटी फलाटावर उभी होती. मेहुण्यानं वर्दी घातली होती, त्यामुळं कंडक्टरनं पुढची दोन बाकडी मोकळी करून दिली. कराड येईपर्यंत बायको पोरीच्या धुतलेल्या तळव्याला टिचक्या मारत होती आणि सासूबाई चमचा तोंडाला लावत होत्या. दूध ओठांच्या कडेनं बाहेर येत होतं. मागच्या बाकावरच्या बाईनं विचारलं, “किती दिसांची बाळंतीन गं ही? अशा वाऱ्यात काढली भाईर? घरात म्हातारं मानूस हाय का न्हाई कोन?”

“हाय की,” सासूबाई मागं न वळता म्हणाल्या. “मीच हाय.”



मी खिडकीच्या फटीवर पाठ लावून बसलो होतो, वारा अडवायला. बाहेर ऊस, ऊस आणि ऊस. गाडी कुठं थांबली की मला वाटायचं, कालची संध्याकाळची एसटी धरली असती तर एव्हाना हे सगळं होऊन गेलं असतं. कराडला थांबली, इस्लामपूरला थांबली. प्रत्येक थांब्यावर तेच.

सांगलीतले डॉक्टर वाट बघत होते. रक्त तपासलं गेलं आणि मग त्यांनी मला बाजूला घेऊन समजावलं. बायकोचं रक्त निगेटिव्ह, माझं पॉझिटिव्ह, मुलीचं माझ्यासारखं. पहिल्या बाळंतपणात आईच्या अंगानं ते परकं रक्त ओळखून ठेवलं होतं. थोरला सुटला. दुसऱ्या वेळी आईच्या अंगानं पोटातल्या बाळाच्या रक्ताशीच वैर धरलं. तांबड्या पेशी भराभर फुटत गेल्या, त्यातून पिवळा रंग सुटत गेला, आणि नवजात बाळाचं यकृत अजून कच्चं, त्याला तो बाहेर टाकता येईना. अंगात मावेनासा झालेला रंग मेंदूत शिरतो. तिथं गेला तर बाळ जातं, नाहीतर तो रंग काहीतरी कायमचं नेतो. बरेचदा कान नेतो.

“यात कुणाचा दोष नाही,” डॉक्टर म्हणाले. “रक्त कुणी निवडून घेत नाही.”

“काल आणली असती तर?” मी विचारलं.

“काल आणली असती तर बरं झालं असतं.”

निगेटिव्ह रक्त लवकर मिळत नाही म्हणून धावपळ सुरू झाली. तेवढ्यात मेहुण्यानं शर्टाच्या आतून फौजेचा बिल्ला बाहेर काढला. त्यावर रक्तगट कोरलेला असतो. डॉक्टरांनी तो उजेडात धरून वाचला, पुन्हा तपासून घेतला आणि जुळलं. बहिणीचं आणि भावाचं रक्त सारखं निघालं होतं.

“घ्या किती पायजे तेवढं,” तो पलंगावर आडवा होत म्हणाला. “दाजी, आता तुमची पोरगी उठल्या उठल्या लेफ्ट-राइट करंल. मला दोष द्यायचा न्हाई.”

कुणी हसलं नाही. त्यानंच बाही वर सारली.

बेंबीतून थोडं थोडं रक्त काढायचं आणि तेवढंच नवं घालायचं, असं ते काम. आम्ही बाहेरच्या बाकावर होतो. सासूबाईंनी पदर तोंडात धरला होता. बायको भिंतीला टेकून उभी राहिली, बस म्हटलं तरी बसली नाही. मी माझ्या हातांकडं बघत होतो. तिच्या अंगावर वरून होती ती हळद मी पाठवलेली, आणि आत तिचा घात करत होतं ते रक्तही माझ्याकडूनच आलेलं. यातलं काही मला कळण्यासारखं नव्हतं. धुतलेला पाय मात्र मला कळला होता.

दुपार कलताना दार उघडलं. पोरगी जगली होती.

पुढच्या दिवसांत पिवळेपणा पायाकडून वर ओसरत गेला आणि पोरगी अंगावर पिऊ लागली. निघताना डॉक्टर म्हणाले, “कानांचं आत्ता सांगता येणार नाही. काही महिने लक्ष ठेवा. आवाजाला वळते का, दचकते का.”

गावाकडं तोवर गोष्ट तयार झाली होती. घरातल्या कुणाला कळलं नाही, पण जावयानं नुसत्या नजरेनं ओळखलं. हळदीच्या पेठेतला माणूस, त्याला रंग कळणार नाही तर कुणाला? सासूबाई आल्यागेल्याला सांगायच्या, “जावयानं वळखलं म्हनून वाचलं लेकरू. आमी आंधळी.” दुकानात हमालांनी माझ्या पाठीवर थापा मारल्या. मी कुणाला थांबवलं नाही. स्वतःला आंधळी म्हणवून घेणारी ती बाई, आणि बघूनही गप्प बसलेला मी, आणि शाबासकी मला.

बायको सांगलीला आली. पोरीनं बाळसं धरलं, हसायला लागली. पण हाक मारली तर कधी बघायची, कधी नाही. मी एकटा असलो की तिच्या मागं चुटकी वाजवायचो. कधी वाटायचं वळली. कधी वाटायचं, माशी दिसली म्हणून वळली. बायकोसमोर मी हे कधी केलं नाही.

एके दिवशी दुपारी मी अवचित घरी आलो. दार ढकललं तर बायको पाळण्यामागं उभी, एका हातात पितळी थाळी, दुसऱ्या हातात उलथनं. तिनं थाळी वाजवली. पोरगी वळली.

“वळली!” मी म्हणालो.

“तुमी दार उघडलं,” ती म्हणाली. “उजेड आला म्हनून वळली.”

“आवाजानंच वळली.”

“मग सकाळपासनं चारदा वाजवली, तवा का न्हाई वळली?”

म्हणजे तीही रोज हेच करत होती. मी दार लावलं, कडी घातली. खिडकी ओढून घेतली आणि तिच्यावर चादर टांगली. खोलीत बाळंतिणीच्या खोलीसारखाच काळोख झाला. पाळण्यात पोरगी शांत होती. पुन्हा तीच शांतता.

“वाजव,” मी म्हणालो.

तिनं वाजवली. काहीच झालं नाही.

“जोरात.”

तिनं थाळी आणि उलथनं दोन्ही फरशीवर टाकून दिली. खणखणाट झाला, थाळी गरगरत भिंतीपर्यंत गेली, आणि पाळण्यातून अशी किंकाळी आली की शेजारणीनं हाक मारून काय झालं विचारलं. पोरगी घाबरून, जीव तोडून रडत होती. मी अंधारातच चाचपडत तिला उचललं. पुढं तपासण्या झाल्या तेव्हा बारीक आवाज तिला कमी येतात हे कळलं. आजही तिच्याशी बोलताना जरा मोठ्यानं बोलावं लागतं. पण ती ऐकते.

त्या काळोखातच मी बायकोला सांगितलं. उजेडात जमलं नसतं. “पाचवीच्या संध्याकाळीच मला दिसलं होतं. मी तिचा पाय धुतला होता. बोललो नाही.”



“ठाऊक हाय,” ती म्हणाली. “रात्री दुपटं बदलताना दिवा जवळ घेतला, तवा बघितला मी पाय. एकाच पायाला हळद न्हाई. म्हनलं, ह्यांनी धुतला, म्हंजी ह्यांनी बघितलं. आता बोलत्याल, मग बोलत्याल. तुमी दारात आला, तरी बोलला न्हाई.”

“तू का नाही बोललीस?”

“तुमी गप बसला, मग मला वाटलं काय भ्याचं न्हाई.”

तिनं चादर खाली ओढली आणि खिडकी उघडली. पोरगी अजून रडत होती, तोंड लालबुंद करून. मी तिला थोपटायला लागलो, तशी बायको थाळी उचलता उचलता म्हणाली, “ऱ्हाऊ द्या. रडू द्या तिला.”